कल्याणचा ‘ण’ आणि उच्चाराची मक्तेदारी

मराठी जशी लिहावी तशी बोलावी, असे आपल्याला शाळेपासून पढवले जाते. कल्याण-ठाणे पट्ट्यातील गावांची नावे नुसती कान देऊन ऐकली तरी हा समज टिकत नाही. लिहितात ‘ठाणे’, म्हणतात ‘ठाणं’. लिहितात ‘डोंबिवली’, म्हणतात ‘डोंबिव्ली’. ‘जिल्ह्या’तला ज आणि ‘जांभळी नाक्या’तला ज कागदावर एकच, जिभेवर मात्र दोन. हे सारे पांढरपेशा माणूस रोज करतो आणि त्याला कोणी टोकत नाही. माझा विद्यार्थी ‘कल्यान’ म्हणाला, की मात्र वर्गात हसू फुटते.

लेखन आणि उच्चार यांत अंतर दोघांच्याही बोलण्यात आहे. मग एकाचे अंतर हा प्रघात आणि दुसऱ्याचे अंतर हे अज्ञान, असा निवाडा कोणी केला? याचे उत्तर व्याकरणात शोधू नये. ते समाजरचनेत आहे.

मी इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आमच्या वस्तीत, आगरी-कोळ्यांच्या पाड्यांत ‘कल्यान’च म्हणतात. तिकडे साहेबाने या नावांचे काय केले ते पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, तेव्हा तो गावाचे नाव ‘टाना’ असे लिहीत होता. १८८२ च्या गॅझेटियरात त्याचे ‘थाना’ झाले. त्याच्या लिपीत ना ण, ना ळ. स्थानकावरची रोमन अक्षरे आजही टिटवाळ्याचे ‘टिटवाला’ करतात. आगरी म्हातारीही ‘टिटवाला’च म्हणते. फलक सरकारी ठरतो, म्हातारी अडाणी ठरते! विलायतेतले एक शहर लिहिताना ‘लायसेस्टर’ दिसते आणि म्हणताना ‘लेस्टर’ होते. ते आपण निमूटपणे पाठ करतो.

जुने तेच शुद्ध, असे म्हणणाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांत जावे. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी, सोनार-लोहारांनी बौद्ध संघाला दिलेली दाने तिथे कोरलेली आहेत. त्या प्राकृत लेखांत गाव येते ते ‘कलियण’ म्हणून, जोडाक्षर फोडून. ण तिथेही आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे. पण कष्टकऱ्यांच्या बोलीतले रूप तिथे दगडावर सन्मानाने बसले आहे, आणि संस्कृत वळणाची सक्ती त्या दात्यांवर कोणी केली नाही, हे महत्त्वाचे.

मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, ते लेखनाचे नियम आहेत. उत्तरपत्रिकेत ‘कल्याण’च लिहायचे, हे मी विद्यार्थ्यांकडून घोटून घेतो, कारण लेखनातल्या चुकीची किंमत त्यांनाच मोजावी लागते. परंतु जिभेवरचा पहारा त्या नियमांनी बसवलेला नाही. तो आपण शिक्षकांनी बसवला आहे. विषय पक्का असलेली मुले तोंडी परीक्षेत एका ‘ण’पायी गप्प बसतात आणि त्यांचे गुण जातात. उच्चाराच्या आडून इथे जात ओळखली जाते. म्हणून वर्गात पहिले काम एवढेच करावे: मुलगा ‘कल्यान’ म्हणाला, तर त्याचे वाक्य तोडू नये. तो काय सांगतो आहे ते शेवटपर्यंत ऐकावे.