गुन्हेगारी रक्तात असते काय?

गुरुकुंज मोझरी येथे तुकडोजी महाराजांनी 1935 साली आश्रम स्थापन केला. शिक्षण, श्रम आणि व्यसनमुक्ती यांनी गाव व माणूस बदलतो, ही त्या कार्यामागची धारणा. त्याच अमरावती जिल्ह्यात फासेपारध्यांचे बेडे आहेत. त्यांच्याविषयी मात्र उलट समजूत कानी पडते : 'चोरी त्यांच्या रक्तातच!' ही समजूत विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहू.

व्यवसायाप्रमाणे गुन्हाही पिढीजात असतो, असे मानून इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. 1876 मध्ये इटलीतील डॉक्टर लोम्ब्रोझो यांनी 'जन्मजात गुन्हेगार' ही उपपत्ती मांडली. मोठा जबडा, कानांची विशिष्ट ठेवण ही त्याची लक्षणे! त्यांनी कैदी तपासले, पण तुरुंगाबाहेरच्या माणसांशी काटेकोर तुलना केली नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे 3000 कैद्यांची अशी तुलना केली. गुन्हेगाराचा वेगळा शारीरिक साचा त्यांना आढळला नाही, असे त्यांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केले.

कायद्यातील दोष याहून गंभीर होता. नोंद झालेल्या माणसाने हजेरी चुकवली किंवा परवान्याविना गाव सोडले, तर तोच गुन्हा ठरे. म्हणजे मोजपट्टीच गुन्हे वाढवीत होती! शिवाय पोलिसांच्या दप्तरात पकडलेले गुन्हे असतात, घडलेले सारे नव्हेत. जिथे झडती अधिक, तिथे आकडाही अधिक.

मग गरिबी हे कारण मानावे काय? ही उपपत्ती सहृदय आहे, पण अपुरी. बहुसंख्य गरीब गुन्हे करीत नाहीत आणि सुखवस्तू माणसेही अफरातफर करतात. अमेरिकेतील सदरलँड यांनी 1939 मध्ये याच 'पांढरपेशा' गुन्ह्यांकडे लक्ष वेधले. गुन्हा हा सहवासातून शिकला जातो, असे त्यांचे म्हणणे. पण एकाच सहवासातील सगळेच का बिघडत नाहीत, याचे पुरेसे उत्तर त्यातूनही मिळत नाही.

आनुवंशिकतेचा स्वभावावर काही परिणाम होतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. परंतु तो व्यक्तीव्यक्तींमधील फरकांविषयीचा निष्कर्ष आहे. त्यावरून एखाद्या जमातीला गुन्हेगार ठरवता येत नाही.

हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. वर्गात कंपासपेटी हरवली की आपण प्रथम कोणाचे दप्तर उघडतो? त्या क्षणी आपणही एक उपपत्ती वापरीत असतो. तिचा पुरावा आपल्याजवळ आहे काय, हे दप्तराला हात लावण्यापूर्वी तपासावे.