आईने निवडलेलं कोडं

शीना अय्यंगार यांच्या 'द आर्ट ऑफ चूझिंग' (2010) या पुस्तकातला एक प्रयोग आपल्या घरांमध्ये फार सोयीचा ठरेल, अशी मला भीती वाटते. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना शब्दकोडी दिली. काहींनी ती स्वतः निवडली, काहींसाठी प्रयोग घेणाऱ्या बाईंनी, आणि काहींना सांगितलं की ती तुमच्या आईनं निवडलीत. गोऱ्या अमेरिकी मुलांना स्वतः निवडलेली कोडी सर्वांत छान सुटली. आशियाई-अमेरिकी मुलांना आईच्या नावाची.

'बघा, आपल्याकडे स्वातंत्र्याचं एवढं काही नसतं,' हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. कारण याच आशियाई मुलांची सर्वांत कमी कोडी सुटली ती परक्या बाईंनी निवडून दिल्यावर. स्वतः निवडल्यावर त्याहून जास्त. म्हणजे त्यांना हुकूम मानवत नव्हता, आई मानवत होती. तिची निवड त्यांना आपलीच वाटली असावी.

कोडं खेळून संपतं; लग्न तसं संपत नाही. 'आई म्हणाली म्हणून' लग्न करणाऱ्या मुलीचं समाधान मी खोटं ठरवणार नाही. एवढंच विचारीन : नाही म्हणाली असतीस, तरी ते घर तुझं राहिलं असतं का?