शालेय मूल्यमापन : बुद्धीचे, अध्ययनाचे की उपस्थितीचे?
(विशेष संदर्भ : हिंगोली जिल्हा)

प्रस्तावना :
शिक्षणप्रक्रियेत मूल्यमापनास अनन्यसाधारण महत्त्व आहे. परंतु गुणपत्रकातील श्रेणी विद्यार्थ्याची बुद्धी दर्शविते, त्याचे अध्ययन दर्शविते की त्यास मिळालेली संधी, हा प्रश्न शालेय व्यवहारात क्वचितच विचारला जातो. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतरामुळे तो अधिक तीव्र बनतो.

विवेचन :
१९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी फ्रान्समध्ये सिमोन यांच्या सहकार्याने बुद्धिमापन श्रेणी तयार केली, ती विशेष साहाय्याची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात तिची मराठी व कन्नड रूपे सिद्ध केली. भाषा व परिसर बदलला की चाचणीही नव्याने पारखावी लागते, ही जाण त्यामागे होती. पुढे शिष्यवृत्ती परीक्षेतील ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा मात्र सरावाचा विषय झाला. सरावाने वाढणारे गुण बुद्धीइतकेच घरच्या सुविधेचेही माप असतात.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. पाचवीसाठी आकारिक व संकलित मूल्यमापनाचा भारांश प्रत्येकी ५० टक्के ठरला. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक यांतून मूल समजून घेण्याची ही कल्पना निःसंशय पुरोगामी होती. तथापि वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या आणि निरीक्षणाची जागा नकलेने घेतली.

याहून मूलभूत अडचण अशी की, निरीक्षणासाठी मूल वर्गात असावे लागते. तांड्यावरील मूल दिवाळीच्या सुमारास आईवडिलांसोबत फडावर जाते व गळीत हंगाम संपल्यावर परतते. शाळेत त्याचा रकाना रिकामा राहतो. फडावर ते मोळ्या मोजते, धाकट्या भावंडास सांभाळते, त्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. घरी गोरमाटी बोलणाऱ्या या मुलाचे प्रमाण मराठीतील मौनही अज्ञान समजले जाते.

डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षा आली. त्यातही अनुत्तीर्ण झाल्यास मूल त्याच वर्गात राहते. अध्ययनाविना वरच्या वर्गात ढकलणे हाही अन्यायच, हा या निर्णयामागील युक्तिवाद नाकारता येत नाही. परंतु हंगाम संपवून परतलेल्या मुलाची एप्रिलमधील परीक्षा प्रामुख्याने त्याची गैरहजेरीच मोजते. बिने यांनी जे साधन मदतीसाठी घडविले, त्याचा वारसा येथे अडविण्यासाठी वापरला जातो.

समारोप :
निकालपत्रकात श्रेणीशेजारी अध्यापनाचे प्रत्यक्ष मिळालेले दिवस नोंदविणे, प्राथमिक स्तरावर तोंडी चाचणीस घरच्या भाषेची मुभा देणे आणि स्थलांतरित मुलांच्या शिक्षण हमी पत्रकासोबत वर्णनात्मक नोंदीही पाठविणे, हे उपाय खर्चिक नाहीत. अध्यापक विद्यालये व बी.एड. महाविद्यालयांनी नोंदलेखनास स्वतंत्र कौशल्य मानून ते शिकवावे. शिकविलेच गेले नाही त्याची परीक्षा घेऊन मुलास मंदबुद्धी ठरविणे हा मूल्यमापनाचा नव्हे, व्यवस्थेचा निकाल होय.