‘सक्रियीकरण’ या संज्ञेची मर्यादा : पायथनच्या आभासी परिवेशाची चिकित्सा

पायथन ३.३ (२०१२) पासून आभासी परिवेशाची सुविधा त्या भाषेतच अंतर्भूत झाली. लिनक्सच्या बॅश शेलमध्ये ‘सोर्स’ आज्ञेने ‘अॅक्टिव्हेट’ ही संहिता चालविणे, यालाच परिवेशाचे सक्रियीकरण म्हटले जाते. वस्तुतः ही संहिता मुख्यतः ‘पाथ’ या चलाच्या अग्रभागी परिवेशाची ‘बिन’ निर्देशिका ठेवते. त्या निर्देशिकेतील पायथन पूर्ण मार्ग देऊन चालविल्यास सक्रियीकरणाविनाही तोच परिवेश लाभतो. शिवाय हे विलगीकरण केवळ पॅकेजांपुरते मर्यादित आहे. परिवेशात बसविलेले अनोळखी पॅकेज वापरकर्त्याच्या खासगी फायलीही वाचू शकते. आवृत्त्यांचा संघर्ष टाळणाऱ्या या सोयीस सुरक्षेची भिंत मानणे, ही संज्ञेने निर्माण केलेली भ्रांती होय. म्हणूनच अध्यापनात आज्ञेच्या पाठांतरापूर्वी तिच्या कार्यपद्धतीचे विवेचन होणे अगत्याचे ठरते.