नोटिशीचे पैसे, बातमीचे पैसे

पेण तालुक्यातल्या डोलवीसारख्या गावाचे भवितव्य ठरवणारा मजकूर वर्तमानपत्रात छापून येतो, पण बातमी म्हणून नव्हे. 1894च्या भूसंपादन कायद्यात 1984 साली झालेल्या दुरुस्तीने प्राथमिक अधिसूचना राजपत्राबरोबरच त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापणे बंधनकारक केले, आणि त्यांतले निदान एक प्रादेशिक भाषेतले हवे असे सांगितले. 2006च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनेही जनसुनावणीची जाहिरात एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात, निदान 30 दिवस आधी, द्यायला लावली. म्हणजे मराठी दैनिक हा सरकारी कारभाराचाच एक कायदेशीर टप्पा आहे. आतल्या पानावर, बारीक टायपात, गट नंबर, हिस्सा, क्षेत्र असे रकाने पाडून नोटीस येते आणि तिचे पैसे मिळतात. त्या जमिनीवर काय उभे राहणार, धरमतरच्या खाडीतल्या मासेमारीचे काय होणार, याचा तपास करणारी बातमी त्याच अंकात बहुधा नसते, कारण तिचे पैसे कोणी देत नाही. सत्ता आणि मराठी पत्रकारिता यांच्या नात्याचा इतिहास आपण खटल्यांच्या आणि तुरुंगवासांच्या क्रमाने सांगत आलो आहोत. तो पत्राच्या जमाखर्चावरून सांगितला, तर चित्र बरेच वेगळे दिसते.

हे तपासायला जुना कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, जिल्हा सोयीचा आहे. 1841 साली ‘प्रभाकर’ काढून लोकहितवादींची ‘शतपत्रे’ छापणारे भाऊ महाजन मूळचे पेणचे, ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे महाडचे, तर ‘प्रबोधन’चे केशव सीताराम ठाकरे पनवेलचे. एका जिल्ह्याने एवढे तिखट संपादक द्यावेत हा योगायोग असेल, पण त्यांच्या पत्रांचे हाल एकसारखे झाले. ‘काळ’चेच पाहा. राजद्रोहाच्या आरोपावरून परांजप्यांना 1908 साली 19 महिन्यांची शिक्षा झाली. पण पत्र बंद पडले ते 1910च्या प्रेस ॲक्टखाली दहा हजारांचा जामीन मागितला गेला तेव्हा. तुरुंगाने संपादकाचा लौकिक वाढतो हे सरकारला टिळकांच्या 1897च्या खटल्यानंतर कळून चुकले असावे. रोख रक्कम मागितली की लौकिक वाढत नाही, छापखाना मात्र थांबतो. शिवाय खटल्याचे कागद उरतात, आरोपीचे भाषण उरते. पैशाच्या टंचाईने मेलेल्या पत्राची साधी फाईलही कित्येकदा सापडत नाही.

यावर कोणी म्हणेल की सत्ताधाऱ्याचा पैसा नेहमीच वाकवतो असे नाही. 1920 साली डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला तो शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या बळावर, आणि त्याची पैसे देऊन जाहिरात छापायलाही ‘केसरी’ने नकार दिला. आक्षेप वजनदार आहे. राजाचा पैसा इथे बोलायची सोय करून देतो, आणि परकीय सत्तेशी झुंजणारे पत्र समाजातल्या सत्तेपुढे तोंड मिटून घेते. पण ‘मूकनायक’ही 1923 साली बंद पडला. देणगीने पत्र सुरू होते, चालत मात्र नाही. ते चालवायला जो वाचकवर्ग लागतो, त्याच्या हातात तेव्हा पैसाही नव्हता आणि अक्षरही जेमतेम होते.

याच कुलाबा जिल्ह्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप 1933 ते 1939 असा चालला. 1934 साली डॉ. आंबेडकर तिथल्या सभेला आले आणि 1937 साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी, संपाचे पुढारी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने, ‘कृषीवल’ निघाले. ते एका बाजूचे होते हे उघड आहे, पण ते कोणाच्या बाजूचे हे वाचकाला मथळा वाचायच्या आधी ठाऊक होते. म्हणून पक्षपात हाच मूळ दोष, हे मला पटत नाही. अडचण पुढे येते: ज्या चळवळीचे पत्र, तिचाच पक्ष जिल्हा परिषदेत सत्तेवर बसतो, तेव्हा स्वतःच्याच सभापतीला जाब विचारणे त्या पत्राला जड जाते. हे एकट्या शेतकरी कामगार पक्षाचे दुखणे नाही; ‘सामना’ असो वा ‘प्रहार’, नेत्याच्या पत्राला हा पेच चुकत नाही.

तरीही उघड पक्षपाताहून लपलेला सौदा वाईट. 2009च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच मजकूर परस्परांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः छापला गेल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. त्यावर राज्यभर ओरड झाली, आणि व्हायलाच हवी होती. तालुक्याच्या पातळीवर मात्र असा व्यवहार इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याला कोणी ‘पेड न्यूज’ म्हणतही नाही. तुटपुंज्या मानधनावरचा वार्ताहरच वाढदिवसाच्या पुरवणीसाठी सरपंच, ठेकेदार आणि आमदारांच्या कार्यकर्त्यांकडे जाहिराती मागत फिरतो. उद्या त्याच ठेकेदाराच्या रस्त्यावर त्याने काय लिहावे? डोलवीला आधी इस्पातचा आणि 2010 नंतर जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे. एवढा मोठा उद्योग ज्या तालुक्यात असतो तिथे तो रोजगारही देतो आणि जाहिरातही देऊ शकतो. कोणी फोन करून धमकावण्याची गरजच उरत नाही. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रावर (सेझ) शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला, तेव्हा बाहेरच्या पत्रकारांचे लक्ष इकडे वळले. असे लक्ष दिवसापुरते असते. तलाठ्याच्या दप्तरात पुढे कोणता फेरफार झाला हे पाहायला गावाजवळचाच माणूस लागतो.

आता मोबाइल आहे, यूट्यूबवर गावोगावच्या वाहिन्या आहेत, मग छापील पत्राची काळजी कशाला, असे विचारले जाते. त्यातले खरे एवढेच, की छपाईचा खर्च गेला आणि खाडीचा बांध फुटल्याचे चित्र आता घटकाभरात सगळीकडे पोचते. तपासाचा खर्च मात्र गेलेला नाही. माहिती अधिकाराचे अर्ज, अपिले, अलिबागला कलेक्टर कचेरीच्या खेपा, हे सगळे आजही कोणाच्या तरी खिशातूनच जाते, आणि त्या वाहिन्याही नेत्यांच्या शुभेच्छांवरच चालतात. शिवाय 1867च्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापायला लावले. इंग्रजांनी ते पकडायला माणूस मिळावा म्हणून केले, पण त्यामुळे वाचकालाही जाब विचारायला पत्ता मिळाला. फॉरवर्ड झालेल्या चित्रफितीखाली असे नाव नसते. जिल्ह्यातली कुठलीही निविदा किंवा पर्यावरण अहवाल ओळीने वाचून प्रश्न विचारणारा एक पगारी माणूस ठेवायचा, तर त्याचा पगार वर्गणीतून निघाला पाहिजे. ती वर्गणी भरायला पेण-रोह्याचा वाचक तयार आहे का, हे कोणी त्याला नीट विचारलेलेच नाही.