विध्यर्थ आणि रीतिभूत : दलित आत्मकथनांतील शाळेची जागा

मराठी दलित आत्मकथनांविषयी आजवर जे लेखन झाले त्यात शाळेच्या प्रसंगाला मानाचे स्थान आहे. परंतु तो प्रसंग बहुधा दोनच प्रकारे वाचला गेला आहे. कोणी त्याला अपमानाचा पुरावा मानतो, तर कोणी उद्धाराची पहिली पायरी. पहिल्या वाचनात शाळा ही गावाचीच एक शाखा ठरते, दुसऱ्यात ती गावाबाहेर नेणारी वाट ठरते. दोन्ही वाचने खरी आहेत, पण दोन्ही अपुरी आहेत. कारण दोहोंतही शाळेत बसलेले मूल काय सांगते याकडे लक्ष जाते, ते कसे सांगते याकडे जात नाही. या ‘कसे’मध्ये, म्हणजे वाक्याच्या घडणीत, क्रियापदाच्या काळात आणि अर्थात, काही महत्त्वाचा आशय दडलेला आहे असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रथम सरकारी आदेशांची भाषा पाहावी. जून १८५६ मध्ये धारवाड येथील एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. मुंबई सरकारने पुढच्याच महिन्यात तो नाकारला. एका व्यक्तीसाठी बहुसंख्यांच्या पूर्वग्रहाला धक्का देणे सरकारला इष्ट वाटले नाही. पुढे १८५८ मध्ये, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील असे जाहीर झाले. १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. त्यात पाणवठे, विहिरी व धर्मशाळांबरोबर सार्वजनिक शाळांचाही उल्लेख होता. १९५० मध्ये संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट झाल्याचे घोषित केले. या साऱ्या परंपरेचे व्याकरण एकच आहे. शाळा खुल्या असाव्यात, प्रवेश दिला जावा, भेद करू नये : हा विध्यर्थ होय. विध्यर्थाचा कर्ता राज्यसंस्था असते, त्याचे कर्म ‘प्रवेश’ असते आणि त्याची दृष्टी शाळेच्या दारापाशी थांबते.

दाराच्या आत मात्र दुसरे व्याकरण सुरू होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या आणि त्यांच्या निधनानंतर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेचे वर्णन आहे. मुलाला वर्गात प्रवेश होता, परंतु बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही कोपऱ्यात. संध्याकाळी ते गोणपाट पुन्हा घरी न्यावयाचे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावीत नसे. नळ होता, पण तो स्वतः सोडता येत नसे. पट्टेवाला हजर नसेल तर मूल तहानलेले राही. हा मजकूर मराठीत सांगू पाहताच एक गोष्ट ध्यानात येते : सारी क्रियापदे आपोआप रीतिभूतकाळात येतात. बसे, नेई, राही, बसावे लागे. रीतिभूतकाळ एकदा घडलेली घटना सांगत नाही, तो वहिवाट सांगतो. वहिवाटीला तारीख नसते आणि पुष्कळदा तिला कर्ताही नसतो. ‘मला कोपऱ्यात बसावे लागे’ या वाक्यात मूल चतुर्थीत आहे, क्रिया त्याच्यावर येऊन पडलेली आहे, पण बसविणारा वाक्यात कोठेच नाही. ‘बसवले जाई’ असे म्हटले तरी तो लपलेलाच राहतो. आदेशाला कर्ता होता आणि तारीख होती. अनुभवाला दोन्ही नाहीत. आदेश आणि अनुभव यांतील अंतर हे असे व्याकरणाचेही अंतर आहे.

हे अंतर अधिक स्पष्ट व्हावे म्हणून अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटल्यात गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी संघराज्याच्या अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. १९७१च्या ‘स्वान’ निकालानंतर मुलांना बसगाड्यांतून शहराच्या दुसऱ्या भागातील शाळांत नेण्याचा उपाय न्यायालयांनी स्वीकारला आणि १९७४ मध्ये बोस्टन शहरात त्यावरून मोठा प्रक्षोभ झाला. तेथे भेद शाळाशाळांत आणि वस्त्यावस्त्यांत होता, म्हणून उपाय वाहतुकीचा होता. आणि म्हणूनच त्या अनुभवाला दिवस, गर्दी, रस्ता, गाडी अशी घटनेची साधने लाभली. महाराष्ट्रातील खेड्यात बहुधा शाळाच एक होती. मुलाला कोठे नेण्याचा प्रश्न नव्हता. ते चालत त्याच शाळेत जात होते. भेद एका छपराखाली होता आणि तो काही हातांच्या अंतराने मोजला जात होता. बसगाडीने मिटविता येईल असे ते अंतर नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स यांनी रूबीसारख्या मुलांची चित्रे अभ्यासून त्यांतील माणसांच्या आकारांवरून मुलांच्या मनाचा वेध घेतला. मराठी मुलांची अशी चित्रे कोणी जमविली नाहीत. आपल्याकडे त्या चित्रांच्या जागी आहेत ती मोठेपणी लिहिलेली वाक्ये. म्हणून त्या वाक्यांचे आकारही तितक्याच काळजीने मोजले पाहिजेत.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’मधील (१९८४) सहलीचा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. एकाच शाळेची मुले एकाच रानात जातात, पण जेवावयास वेगवेगळ्या झाडांखाली बसतात. एकीकडे सणासारखे पदार्थ, दुसरीकडे शिळी भाकरी, आणि मग उरलेसुरले अन्न. प्रसंगाचा कळस मात्र रानात नाही, तो दुसऱ्या दिवशी वर्गात आहे. गुरुजी सहलीवर निबंध लिहावयास सांगतात आणि मुलाला काय लिहावे ते सुचत नाही. शाळेच्या निबंधाला एक ठरीव भाषा असते. तिच्यात सहल आनंदाचीच असते. मुलाचा अनुभव त्या भाषेत बसत नाही आणि दुसरी भाषा अजून त्याच्याजवळ नाही. त्या दिवशी न लिहिलेला निबंध म्हणजेच पुढे लिहिलेले ‘अक्करमाशी’ होय, असे म्हणावयास हरकत नाही. लिंबाळे यांची तुटक, आखूड वाक्येही याच कारणाने सार्थ ठरतात. त्यांना निबंधाची वळणे नको आहेत.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) हाच प्रश्न नावाच्या रूपाने येतो. हजेरीपटावरचा दगडू मारुती पवार आणि प्रतिष्ठित लेखक दया पवार हे एकमेकांशी बोलतात, अशी त्या पुस्तकाची रचना आहे. समीक्षकांनी तिच्यात दुभंगलेपण पाहिले ते योग्यच. परंतु या रचनेचा आणखी एक लाभ आहे. सांगणारा दगडू असल्यामुळे मुलाला स्वतःचे वाक्य मिळते आणि ऐकणारा प्रौढ असल्यामुळे भाष्य आवरले जाते. आत्मकथनात मुलाचा आवाज टिकविण्याचा मराठीत सापडलेला हा अत्यंत समर्थ उपाय आहे.

रीतिभूतातून बाहेर पडण्याचा क्षण स्त्रियांच्या आत्मकथनांत विशेष स्पष्ट दिसतो. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) शाळेच्या आवारातील शेण काढण्याचे काम या मुलीला सांगितले जाते, मार बसतो, आणि टोपल्या विणून संसार चालविणारी विधवा आई गुरुजींना जाब विचारते. त्यानंतर ते काम मुलीच्या वाट्याला येत नाही. येथे काळ बदलतो. ‘सांगत असत’ हे ‘सांगितले’ होते, आणि ज्या क्षणी आई विचारते त्या क्षणी वाक्याला कर्ता मिळतो. वहिवाटीची घटना होते, म्हणून तिचा निकालही लागू शकतो. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) कर्ता ‘आम्ही’ आहे. फलटणच्या शाळेतील मुलींची भांडणे एकटीच्या दुःखाची नाहीत, ती एका गटाची आहेत. एकटे मूल चतुर्थीत सापडते, ‘आम्ही’ मात्र प्रथमेत उभे राहतात. आंबेडकरी चळवळीने शाळेतील मुलांना काय दिले याचे हे व्याकरणातील उत्तर आहे.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) नागपूर येते आणि त्याबरोबर संस्कृतही येते. ज्या भाषेचा उच्चारही पूर्वजांना वर्ज्य होता ती भाषा शिकणारी मुलगी, आणि जुन्या वळणाचे असूनही तिला भेद न करता शिकविणारे शिक्षक, हे चित्र कोणत्याही सोप्या सिद्धान्तात बसत नाही, आणि हीच त्याची प्रामाणिकता आहे. मात्र एक उणीव नोंदवावी लागते. पावडे यांची लेखणी निबंधकाराची आहे. उपरोध आणि युक्तिवाद तिला सहज वश आहेत. त्यामुळे मुंजीचा सोहळा बाहेरून पाहणारी लहान मुलगी दिसते न दिसते तोच प्राध्यापिका पुढे येऊन तिचे म्हणणे पूर्ण करते. विचाराला त्यामुळे धार येते, पण मुलीचे वाक्य अर्धेच राहते.

नागपूरच्या संदर्भात आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये तेथे चोखामेळ्याच्या नावाने अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. ही शाळाही वेगळीच होती, परंतु तेथील वेगळेपण वरून लादलेले नव्हते, ते आतून उभारलेले होते. अशा शाळेत बसण्याची जागा हा प्रश्नच उरत नाही. म्हणून ‘वेगळे म्हणजे विषम’ हे अमेरिकन न्यायालयाचे सूत्र आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाही. शाळा वेगळी की एकत्र, याइतकेच त्या शाळेत मुलाला प्रथमेत बोलता येते की नाही, हेही विचारावे लागते.

नागपूरहून पूर्वेकडे जाताना भंडारा सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागते. येथून झाडीपट्टीचा मुलूख पसरत जातो. भाषाभ्यासाच्या दृष्टीने हा प्रदेश या विषयावर निराळाच प्रकाश टाकतो. झाडीबोलीत ण, ळ आणि श हे वर्ण नाहीत. त्यांच्या जागी न, र आणि स येतात. म्हणजे ‘शाळा’ या दोन अक्षरी शब्दातील दोन्ही व्यंजने ही बोली घरी बोलणाऱ्या मुलाला परकी असतात. शाळेचे नावच त्याला शाळेत जाऊन शिकावे लागते. आणि ही अडचण गावातील कुणब्याच्या मुलाला जितकी, तितकीच बौद्ध वस्तीतील मुलालाही. बोली पुष्कळ अंशी समाईक आहे, चूक समाईक आहे, पुस्तकापासूनचे अंतरही समाईक आहे. कानाने ज्यांना वेगळे ओळखता येत नव्हते त्यांना वेगळे ठेवण्यासाठी जागाच लागत होती. गोणपाट, कोपरा, पाण्याचे भांडे या खुणा इतक्या कडक का होत्या याचे एक कारण येथे सापडते : भाषा मुलांना एकत्र आणीत होती, म्हणून बैठकीने त्यांना दूर ठेवावे लागे. भंडाऱ्याच्या राखीव जागेवरून १९५४च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर पराभूत झाले, हे सर्वश्रुत आहे. ‘ब्राउन’चा निकालही त्याच वर्षीचा. इतिहासात या दोहोंचा परस्परसंबंध नाही. पण संविधानाचा विध्यर्थ आणि गावाची वहिवाट यांतील अंतर तेव्हा किती ताजे होते हे त्या सालावरून कळते.

यातून समीक्षेपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या प्रमाण मराठीत या आत्मकथनांतील बराचसा भाग लिहिला गेला, ती भाषा याच शाळेने दिली. शाळेविरुद्धची साक्ष शाळेच्याच भाषेत द्यावी लागते. या कोंडीचे भान ज्या लेखकाला आहे त्याचे लेखन प्रमाण आणि बोली यांच्या सीमेवर सतत हालचाल करते. ज्याला नाही त्याचा बालपणाचा भाग वाचताना मोठ्या माणसाने लहानपणाचे निवेदन दप्तरात नोंदविल्यासारखे वाटते. अनुभवाची तीव्रता हा साहित्यकृतीचा निकष पुरेसा नाही हे या क्षेत्रात वारंवार म्हटले गेले आहे; पण दुसरा निकष कोणता, हे क्वचितच सांगितले गेले. मुलाला स्वतःचे वाक्य मिळाले का, हा तो निकष होऊ शकतो.

हा विचार केवळ गतकाळाचा नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळेला या बंधनातून सूट देणारी महाराष्ट्र शासनाची फेब्रुवारी २०२४ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. कमी पटाच्या शाळांतील मुलांना वाहनाने समूहशाळेत नेण्याची कल्पनाही राज्यात २०२३ मध्ये पुढे आली. अंतर, वाहन आणि प्रवेश हे शब्द आता मराठी शिक्षणव्यवहारात आले आहेत, आणि तेही विध्यर्थातच आले आहेत. या जागांवर बसलेली मुले उद्या लिहू लागतील तेव्हा त्यांच्या लेखनातून किती जणांना प्रवेश मिळाला याची मोजणी करणे सोपे असेल. ती मुले ‘बसलो’ असे लिहितात, की ‘बसावे लागे’ असे, हे पाहण्याचे काम भाषेच्या व साहित्याच्या अभ्यासकाचे आहे. आणि ते दुसऱ्या कोणाकडून होण्याजोगे नाही.