ल्युक्रेशिया : दोन न्यायासनांपुढे

रोम म्हणजे भोगविलास आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे देहदंड, अशी एक सोयीस्कर विभागणी इंग्रजी ग्रंथांवर वाढलेल्या आपल्या सुशिक्षितांच्या मनात पक्की बसली आहे. ती किती अपुरी आहे हे पाहावयाचे असल्यास लिव्हीच्या इतिहासाचे आणि संत ऑगस्टीनच्या ‘ईश्वरनगरी’चे पहिले पुस्तक शेजारी ठेवून वाचावे. दोहोंतही ल्युक्रेशिया उभी आहे.

राजपुत्र सेक्स्टस टार्क्विनिअस तिच्यावर बलात्कार करतो. ती पित्याला व पतीला बोलावून सारे सांगते, सूडाचे वचन घेते आणि सुरी उरात खुपसते. परंपरेप्रमाणे इ. स. पूर्व 509 मध्ये रोमची राजसत्ता गेली ती यामुळेच. अब्रूच्या बाबतीत रोमन नीती शिथिल तर नव्हतीच, उलट निष्ठुर होती. पण अब्रू कोणाची? मृत्यूच्या भयाला ल्युक्रेशिया बधत नाही. तिला मारून शेजारी एका गुलामाचे नग्न प्रेत ठेवण्याची धमकी मिळते तेव्हा ती हतबल होते. त्या गुलामाच्या जिवाची खंत कथेत कोणालाच नाही! इ. स. पूर्व 18 मध्ये ऑगस्टसने व्यभिचाराविरुद्ध कायदा केला. दासी त्याच्याही संरक्षणाबाहेरच राहिली.

इ. स. 410 मध्ये अलारिकच्या गॉथांनी रोम लुटले, तेव्हा ख्रिस्ती स्त्रियांवर, व्रतस्थ कुमारिकांवरही अत्याचार झाले. त्यांना हिणवणाऱ्यांना ऑगस्टीनने दिलेले उत्तर थोर आहे : शील हा मनाचा गुण आहे, संमतीवाचून देह भ्रष्ट होत नाही. लज्जेच्या जागी पाप आले, आणि लोकांची दृष्टी त्या स्त्रीवरून दूर झाली. येथे थांबता तर बरे होते. परंतु वक्तृत्वशास्त्राचा हा जुना अध्यापक पेच टाकल्यावाचून राहत नाही. ती व्यभिचारिणी असेल तर स्तुती का, आणि शुद्ध असेल तर आत्महत्या का? तिने मनोमन संमती दिली असेल काय, हा संशयही तो बोलून दाखवतो. पीडितांच्या मनात शीलाचा सुप्त अहंकार असावा, असेही पुढे सुचवतो. हे सांत्वन नव्हे, उलटतपासणी आहे. देहाला निर्दोष ठरवून त्याने मनाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

तथापि पापाच्या कल्पनेने एक गोष्ट घडवली, ती अब्रूच्या कल्पनेला साधली नव्हती. काइल हार्परने 2013 च्या आपल्या ग्रंथात तिच्यावर योग्य भर दिला आहे. इ. स. 428 मध्ये दुसऱ्या थिओडोसिअसने मुलीला वा दासीला वेश्याव्यवसायास लावणाऱ्या पित्याचा व धन्याचा तिच्यावरील अधिकार काढून घेतला. धन्याने स्वतः दासीचा उपभोग घेतल्यास मात्र हा कायदा मूकच होता.